आधी मोटर थांबावी, मग चाक

(सिंदी (मेघे), जि. वर्धा येथे सायकल दुरुस्ती करणारे कारागीर, विद्यार्थी व नागरिक यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे ती वस्तू फार लहान आहे. सायकलच्या मुठीजवळ ब्रेकचा जो दांडा असतो, ज्याला आपण सारे ब्रेक लिव्हर म्हणतो, त्या लिव्हरच्या पोटात किंवा पाठीवर बसणारा, शेंगदाण्याएवढा एक खटका. साध्या सायकलला त्याची गरज नसते. परंतु सायकलवर विजेची मोटर चढली की या खटक्यावाचून तिचे ब्रेक अपुरे ठरतात. हा खटका कोणता निवडावा, तो कसा बसवावा आणि तो रोज कसा तपासावा, एवढेच आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

मी कला शाखेचा पदवीधर आहे, यंत्रविद्येचा नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. तथापि जी माहिती नागरिकांच्या जिवाशी निगडित आहे, ती सोप्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे माझ्या खात्याचे कामच आहे. तांत्रिक शब्द जेथे टाळता येणार नाहीत तेथे ते वापरीन; पण त्यांचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही.

सायकलचा प्रदेश

वर्धा शहराला लागून असलेल्या आपल्या सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे] या वस्त्या आता शहराशी एकजीव झाल्या आहेत. शाळा, बाजार, रेल्वे स्थानक, सावंगीचे रुग्णालय ही सारी ठिकाणे येथून सायकलच्या टप्प्यात आहेत. सेवाग्राम शहरापासून सुमारे आठ किलोमीटर, आणि धाम नदीकाठचे पवनार त्याहून फार लांब नाही. प्रदेश बहुतांशी सपाट. असे असूनही उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला म्हणजे एवढे अंतरही जिवावर येते. अशा वेळी पेडलला मोटरीचा हातभार लागला, तर दूधवाल्या भावाचे, कामावर जाणाऱ्या परिचारिकेचे, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचे कष्ट कितीतरी हलके होतात. खर्चही मोठा नाही. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी पूर्ण भरण्यास, वाया जाणारी वीज जमेस धरूनही, अर्ध्या युनिटच्या आतबाहेरच वीज लागते.

राज्य शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन वेळा विद्युत वाहनांविषयीची धोरणे जाहीर केली. विजेवरील वाहने वाढावीत ही दिशा त्यातून स्पष्ट झालेली आहे. परंतु वाहन वाढले म्हणजे वाहनाची शिस्तही वाढली पाहिजे. मोटर बसविण्याचा उत्साह जेवढा दिसतो, तेवढा ती थांबविण्याच्या व्यवस्थेविषयी दिसत नाही, आणि म्हणूनच हा विषय आज आपल्यापुढे मांडावासा वाटला.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील दुसऱ्या नियमात बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिलेली आहे. ज्याच्या मोटरीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आहे आणि ज्याचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, असे वाहन काही अटींवर 'मोटार वाहन' समजले जात नाही. म्हणजे त्यास नोंदणी लागत नाही. या सवलतीची चर्चा सर्वत्र होते. तिच्यासोबतच्या अटी मात्र क्वचितच कोणी वाचतो. त्यांतील एक अट अशी की, वाहनास योग्य ब्रेक असले पाहिजेत, तसेच पुढे पांढरा आणि मागे तांबडा असे प्रकाश परावर्तित करणारे तुकडे असले पाहिजेत. दुसरी अट पेडलला साहाय्य करणाऱ्या मोटरीविषयी आहे. वेग वाढत जाईल तसतसे मोटरीचे साहाय्य कमी होत जावे, ताशी २५ किलोमीटरला ते पूर्ण बंद व्हावे, आणि चालविणाऱ्याने पेडल मारणे थांबविले तर त्याआधीच बंद व्हावे. शिवाय वाहनाची तपासणी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून झालेली असावी लागते. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक होय.

या अटी नीट पाहिल्या तर कायद्याचा विचार ध्यानात येतो. मोटर किती जोराने ढकलते यावर जसे बंधन आहे, तसेच तिने ढकलणे केव्हा थांबवावे यावरही आहे. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तालयाने ही मर्यादा ओलांडून विकल्या जाणाऱ्या आणि बदल केलेल्या दुचाकींविरुद्ध तपासणीची मोहीम काढली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. बाजारात सुटा मिळणारा मोटरीचा संच घरच्या सायकलला बसविला, म्हणजे ही सवलत आपोआप लागू होते, असे कोणी समजू नये.

एक साधा हिशेब

आता आपण थोडे गणित करू. चालविणारा आणि सायकल मिळून वजन १०० किलो धरा. वेग ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. या वेगात त्या १०० किलोंमध्ये सुमारे २,४०० जूल एवढी ऊर्जा साठलेली असते, आणि ती सारी ब्रेकच्या रबरांना रिमवर घासून जिरवावी लागते. समजा, ब्रेक चांगले आहेत आणि सव्वादोन-अडीच सेकंदांत सायकल थांबते. अशा वेळी ती सुमारे आठ मीटर पुढे जाऊन थांबेल.

पण ब्रेक दाबलेला असतानाही मोटर चालूच राहिली, तर काय होईल? २५० वॅटची मोटर दर सेकंदाला २५० जूल ऊर्जा चाकात ओतत असते. दोन सेकंदांत ५०० जूल झाले. म्हणजे जेवढे जिरवायचे त्याच्या पाचव्या हिश्शाएवढे नवे ओझे ब्रेकवर येऊन पडले. आठ मीटरांचे अंतर नऊ मीटरांवर जाते. आणि वेग उतरत जातो तसा मोटरीचा रेटा वाढत असल्याने प्रत्यक्षात ते याहूनही अधिक होऊ शकते. एक मीटर म्हणजे फार नव्हे असे कोणास वाटेल. शाळेसमोर रस्त्यावर धावत आलेले मूल आणि सायकलचे पुढचे चाक यांमध्ये किती अंतर असते, याचा विचार केला म्हणजे एका मीटरची किंमत कळते.

यावर कोणी विचारील, की ब्रेक दाबताना माणूस मूठ सोडणारच, पेडलही थांबविणारच. मग वेगळा खटका कशाला? प्रश्न योग्य आहे, आणि त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की, पेडल थांबल्याचे मोटरीला तत्क्षणी कळत नाही. पेडलच्या आसाजवळ लोहचुंबकांचे एक लहान चक्र बसविलेले असते. ते फिरताना होणारे स्पंद मोजून कंट्रोलर, म्हणजे मोटरीवर नियंत्रण ठेवणारी पेटी, पेडल चालू आहे असे समजते. स्पंद येणे बंद झाले आहे अशी खात्री करण्यास तिला क्षणभर थांबावे लागते, आणि तेवढा वेळ मोटर ढकलतच राहते. दुसरे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. घाबरलेला हात मूठ सोडत नाही, उलट आवळतो. उजव्या मुठीत वेग आणि त्याच हाताच्या बोटांखाली ब्रेक असला, तर बोटे ब्रेककडे धाव घेत असतानाच तळहात मूठ पिळत राहण्याचा संभव असतो. तिसरे उत्तर असे की, मूठ कधीकधी अडकते. धूळ, पाणी किंवा आतील तुटलेली स्प्रिंग यांमुळे ती मागे फिरत नाही. अशा वेळी किल्ली शोधण्यास सवड नसते. त्या क्षणी हातात एकच साधन असते आणि ते म्हणजे ब्रेकचा लिव्हर. तोच मोटरीलाही थांबवू शकला पाहिजे.

आणखी एक लाभ पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गर्दीत सायकल हाताने ढकलत नेताना मूठ चुकून पिळली गेली, तर सायकल एकदम पुढे झेपावते. लिव्हर किंचित दाबून धरण्याची सवय असली, तर हा प्रसंग टळतो.

कोणता खटका निवडावा?

बाजारात या खटक्यांचे मुख्यतः चार प्रकार मिळतात.

पहिला प्रकार म्हणजे ज्याच्या आतच साधा खटका बसविलेला आहे असा लिव्हर. लिव्हर ओढला की दोन तारा एकमेकींस जोडल्या जातात आणि कंट्रोलरला संदेश मिळतो. याला दोनच तारा असतात. किंमत कमी, दुरुस्ती सोपी आणि दोष शोधणे त्याहून सोपे. वायर ब्रेकच्या साध्या सायकलला हा प्रकार बहुधा पुरेसा होतो.

दुसरा प्रकार हॉल सेन्सरचा. यात एकमेकांना टेकणारे पत्रे नसतात. लिव्हरमधील लहान लोहचुंबक सरकला की सेन्सरला ते जाणवते. याला तीन तारा लागतात: एक पाच व्होल्टची, एक ऋण आणि एक संदेशाची. घासणारा भाग नसल्यामुळे तो झिजत नाही. परंतु ज्या कंट्रोलरमध्ये ब्रेकसाठी दोनच तारा दिल्या आहेत, त्याला हा लिव्हर तसाच जोडता येत नाही. कारण सेन्सरला लागणारे पाच व्होल्ट त्याला तेथे मिळत नाहीत. उलटपक्षी, तीन तारांच्या कंट्रोलरला दोन तारांचा खटका चालू शकतो, मात्र तो ऋण आणि संदेश या दोन तारांमध्येच जोडावा. पाच व्होल्टची तार चुकून ऋण तारेला टेकली, तर कंट्रोलर बिघडण्याचा धोका असतो. तारांच्या रंगांवर विसंबू नये. तांबडी धन आणि काळी ऋण हा प्रघात असला, तरी प्रत्येक कारखाना तो पाळतोच असे नाही. मल्टीमीटरने तपासून मगच जोड द्यावा.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या लिव्हरवर बाहेरून बसणारा सेन्सर. लिव्हरच्या हलत्या भागावर एक लहान लोहचुंबक आणि स्थिर भागावर सेन्सर चिकटवितात. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक ज्या सायकलींना आहेत, त्यांचे लिव्हर बदलणे खर्चाचे असते. तेथे हाच उपाय सोयीचा. दोन तुकड्यांमधील अंतर मात्र काही मिलिमीटरांहून अधिक असू नये. आपल्याकडच्या उन्हात चिकटविण्याचे द्रव्य मऊ पडते आणि सेन्सर जागा सोडतो. म्हणून केवळ चिकटपट्टीवर भरवसा न ठेवता त्याला वरून बांधणी द्यावी.

चौथा प्रकार ब्रेकच्या वायरीवर मध्येच बसणाऱ्या खटक्याचा आहे. वायर ताणली की तो चालतो. लिव्हर जुना ठेवायचा असेल आणि त्यावर जागा नसेल, तेव्हा हा उपयोगी पडतो. पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत त्यात शिरू नये, याची काळजी घ्यावी लागते.

आपल्याकडे सळईच्या ब्रेकची काळी सायकल अजूनही अनेक घरांत आहे. तिला मोटर बसविण्याची इच्छा असलेले लोक कारागिरांकडे येतात. अशा सायकलला बाजारातील नवा लिव्हर बसत नाही. तेथे सळईच्या हालचालीवर लोहचुंबकाचा सेन्सर बसविता येतो, किंवा स्कूटरच्या मागच्या ब्रेकच्या दिव्यासाठी जो स्प्रिंगने ओढला जाणारा खटका असतो, तोही कामी आणता येतो. पण त्याआधी एक गोष्ट तपासावी. चकचकीत मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाणी पडले की ब्रेकची पकड फार कमी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ती तुलनेने बरी राहते. ज्या सायकलचे ब्रेक पावसाळ्यात माणसाच्या पायांच्या वेगालाही पुरे पडत नाहीत, तिला मोटर बसवू नये. खटका मोटर थांबवितो. चाक थांबविण्याचे काम ब्रेकलाच करावे लागते.

लिव्हर जुळला पाहिजे

लिव्हर घेताना केवळ खटका पाहून चालत नाही. ब्रेकच्या प्रकाराशी लिव्हर जुळतो की नाही, हेही पाहावे लागते. व्ही-ब्रेकला वायर अधिक लांब ओढली जावी लागते. जुन्या चिमट्याच्या ब्रेकला कमी लांबी पुरते. कमी ओढणारा लिव्हर व्ही-ब्रेकला लावला, तर लिव्हर मुठीला टेकतो तरी ब्रेक पुरता लागत नाही. याउलट जोड केली, तर लिव्हर कडक वाटतो आणि कितीही आवळले तरी पकड कमी मिळते. म्हणून दुकानात जाताना सायकलच घेऊन जावी, हे उत्तम.

दुसरी गोष्ट हाताच्या मापाची. पुष्कळ लिव्हरांना मुठीपासूनचे अंतर कमी-जास्त करणारा एक लहान स्क्रू असतो. आपल्या घरातील सायकल जर आई, मुलगी किंवा शाळकरी मुलगा चालविणार असेल, तर बसविण्याच्या वेळी त्यांनाच समोर उभे करावे. त्यांची दोन बोटे लिव्हरवर सहज पोहोचली पाहिजेत. मोठ्या माणसाच्या पंजाला सोयीचा लिव्हर लहान हाताला ऐनवेळी सापडत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, खटका दोन्ही लिव्हरांना हवा. काही ठिकाणी पैसे वाचविण्यासाठी तो एकाच बाजूला बसवितात. संकटाच्या क्षणी कोणता हात आधी आवळला जाईल, हे कोणी सांगू शकत नाही.

दोन पहारेकरी

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. बाजारात मिळणारे बहुतेक खटके असे असतात की, एरवी त्यांची जोडणी उघडी असते आणि लिव्हर ओढला की ती मिटते. काही खटके नेमके याच्या उलट असतात. एरवी त्यांची जोडणी मिटलेली, लिव्हर ओढला की उघडणारी. वरवर पाहता फरक काहीच नाही. दोघेही मोटर थांबवितात. फरक दिसतो तो तार तुटल्यावर.

घराच्या दारावर दोन पहारेकरी आहेत अशी कल्पना करा. पहिला झोपला तर दार उघडेच राहते, आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरा झोपला तर दार बंद होते. घरच्यांचा खोळंबा होतो, पण तो झोपला आहे हे लगेच कळते. एरवी उघड्या असणाऱ्या खटक्याची तार तुटली, तर मोटर पूर्वीसारखीच चालत राहते आणि ब्रेकचा संदेश मात्र कधीच पोहोचत नाही. एरवी मिटलेल्या खटक्याची तार तुटली, तर मोटर चालूच होत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने दुसरा पहारेकरी चांगला. आपल्या कंट्रोलरला तो चालत असेल, तर त्यालाच पसंती द्यावी. नसेल, तर पहिल्या पहारेकऱ्याला रोज हाक मारून जागा आहे की नाही ते पाहावे. याला तिसरा पर्याय नाही.

परंतु खोळंबा कोणालाच आवडत नाही, आणि अपघाताची वाट नेमकी येथूनच सुरू होते. पावसाळ्यात जोडामध्ये पाणी शिरते. काळ्या मातीचा चिखल लिव्हरच्या सांध्यात बसतो आणि लिव्हर पूर्ण मागे येत नाही. खटका दाबलेलाच राहतो, मोटर रस्त्यात बंद पडते. गिऱ्हाईक वैतागून दुकानात येते. त्याला कामावर जायचे असते, कारागिराच्या पुढ्यात आणखी चार सायकली उभ्या असतात. अशा वेळी सर्वांत झटपट उपाय म्हणजे ब्रेकची ती तार कंट्रोलरमधून काढून टाकणे. मोटर ताबडतोब चालू होते. गिऱ्हाईक खूष, कारागीर मोकळा. सायकल महिनोन् महिने उत्तम चालते. काहीतरी उणे आहे हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. आणि मग एखाद्या दिवशी, ज्या क्षणासाठी ती तार होती तो क्षण येतो.

माझ्या कारागीर बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे, की ती तार काढू नका. लिव्हर स्वच्छ करा, सांध्यात तेलाचा थेंब टाका, जोड कोरडा करून त्यावर रबरी आवरण चढवा, लोहचुंबकाचे अंतर पुन्हा जुळवा. यास अर्धा तास लागतो. तेवढा वेळ नसेल, तर 'आज मोटर चालणार नाही, पेडल मारीत जा' असे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगा. ते क्षणभर रागावेल. पण सायकल पेडलवर चालतेच. आणि गिऱ्हाईक बंधूंना माझी विनंती अशी, की या अर्ध्या तासाची मजुरी देताना घासाघीस करू नका.

रोजची तपासणी

ही तपासणी शाळकरी मुलासही करता येईल इतकी सोपी आहे. मोटरीचे चाक स्टँडवर उचलून घ्यावे. मूठ अगदी हलकेच पिळून चाक सावकाश फिरू द्यावे. मग मूठ तशीच ठेवून डावा लिव्हर थोडासा ओढावा. मोटरीचा रेटा लगेच थांबला पाहिजे. त्यानंतर हेच उजव्या लिव्हरने करावे. ज्या सायकलींना वेगाची मूठ नाही, त्यांच्या बाबतीत मागचे चाक उचलून धरून हाताने पेडल फिरवावे आणि हीच कृती करावी.

यात एक बारकावा आहे. लिव्हरला सुरुवातीस जी किंचित मोकळी चाल असते, त्या चालीतच मोटर बंद झाली पाहिजे; ब्रेकची रबरे रिमला टेकावीत ती त्यानंतर. आधी मोटर थांबावी, मग चाक, हा क्रम बिघडता कामा नये. खटका फार उशिरा लागत असेल, तर तो जुळवून घ्यावा. तो फार लवकर लागत असेल, तर खड्ड्यातून जाताना नुसत्या धक्क्याने मोटर बंद पडू लागते आणि मग ती तार काढण्याचा मोह पुन्हा डोके वर काढतो.

सहा महिन्यांतून एकदा, आणि पावसाळा संपल्यावर अवश्य, खटक्याचा जोड सुटा करून पाहावा. जोड सुटल्यावर मोटर चालत असेल, तर आपल्या सायकलचा पहारेकरी पहिल्या प्रकारचा आहे हे समजावे, आणि त्याची रोजची चौकशी चुकवू नये.

काही मोटरींमध्ये लिव्हर ओढला की मोटरच जनित्रासारखी काम करून थोडी वीज बॅटरीत परत पाठविते, असा प्रचार ऐकू येतो. ते खोटे नाही. पण ज्या मोटरीत दातेरी चक्रे आणि चाक मोकळे फिरू देणारी रचना असते, तिच्यात ही सोय नसते. आणि हलक्या सायकलींवर अशाच मोटरी पुष्कळ दिसतात. शिवाय बॅटरी पूर्ण भरलेली असताना परत येणारी वीज घेण्यास तिच्यात जागा उरत नाही. तेव्हा त्या भरवशावर साध्या ब्रेककडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

वर्ध्याची जुनी कसोटी

वर्ध्याच्या भूमीत यंत्राविषयी बोलताना महात्माजींचा विचार आठवणे क्रमप्राप्त आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा वजनाला हलका असावा, झोपडीत चालविता यावा, एखाद्या स्त्रीला तो फारसे श्रम न होता आठ तास चालविता यावा, त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, तो भारतात तयार झालेला असावा, आणि किरकोळ दुरुस्तीवर सुमारे वीस वर्षे टिकावा. सूत किती निघते एवढेच त्यात पाहिलेले नव्हते. यंत्र कोण चालविणार आणि बिघडले तर ते कोण दुरुस्त करणार, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे मानले होते. पुढे वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगांचे कार्य उभे राहिले, ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि आज त्याच परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते.

हीच कसोटी आपण ब्रेकच्या खटक्याला लावू या. सर्वांत महाग किंवा सर्वांत नवा खटका शोधण्याचे कारण नाही. जो आपल्या सायकलच्या ब्रेकशी जुळतो, जो घरातील सर्वांत लहान हातालाही ओढता येतो, जो बिघडला तर ते लपवीत नाही, आणि जो सिंदी (मेघे) येथील कारागीर आपल्या दुकानात मल्टीमीटर आणि पाना घेऊन दुरुस्त करू शकतो, तो खटका चांगला. बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान काढून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाचा पाया घातला, हे आपण जाणताच. सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लहान समजण्याचे कारण नाही. विजेची सायकल घरोघरी पोहोचेल तेव्हा तिची सुरक्षितता पुण्याच्या चाचणी संस्थेइतकीच या दुकानांच्या हाती असणार आहे.

तीन गोष्टी

वेळ बराच झाला. जाताना तीन गोष्टी तेवढ्या ध्यानात ठेवाव्यात. मोटरीची सायकल किंवा संच विकत घेताना 'ब्रेक लावल्यावर मोटर बंद होते का?' हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा आणि दुकानातच चाक उचलून उत्तर पाहून घ्यावे. दोन्ही लिव्हरांना खटका असल्याखेरीज सायकल घराबाहेर काढू नये. आणि रोज सकाळी निघताना, टायरमधील हवा जशी बोटाने दाबून पाहतो, तसेच दोन्ही लिव्हर एकदा ओढून पाहावेत. या कामाला एक मिनिटही लागत नाही.

ज्या विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी वाटत असेल त्यांनी येथील कारागिरांबरोबर एखादा रविवार घालवावा, गावातील मोटर बसविलेल्या सायकली स्टँडवर चढवून त्यांचे खटके तपासावेत आणि ज्यांच्या तारा काढून टाकलेल्या आढळतील त्या पुन्हा जोडून द्याव्यात. या कामी शासकीय योजनेची किंवा अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही.